तळ्याच्या तळाची रोजकीर्द

बाजारातून आणलेला मासा चुलीवर चढायला दोन तास उशीर झाला तर घरातल्या बाईच्या लगेच लक्षात येते. संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर शेजाऱ्यांच्याही लक्षात येते, आणि दुसऱ्या दिवशी मांजरसुद्धा तोंड लावण्याआधी विचार करते. मासा म्हणजे इतका नाशिवंत जिन्नस. म्हणून तर कोळी-भोई मंडळी त्याला मीठ लावतात, उन्हात वाळवतात, धुरी देतात, आणि तरी पावसाळा लागला की सुकटीला बुरशी धरते ती धरतेच. आता असाच एक मासा एका तळ्यात मेला आणि ५ कोटी २० लाख वर्षांनंतर त्याचा काटा न काटा, शेपटीची काडी न काडी, अंगावरचा खवला न खवला जागच्या जागी सापडला, असे कुणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, काय थापा मारता!

थाप नाही मंडळी. एकच मासा नव्हे, असे मासे लाखांनी सापडले आहेत. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात केमरर नावाचे एक छोटे गाव आहे. दगडी कोळशाच्या खाणींवर वाढलेले गाव. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात सगळीकडे बर्फ, उन्हाळ्यात कोरडे वारे, झाड दिसायचे मुश्कील. त्या गावाजवळच्या उजाड टेकड्यांत फिकट पिवळ्या दगडाचे थर आहेत. दगडाची लादी उकलली की आत तपकिरी रंगाचा मासा, जणू कुणी बारीक कुंचल्याने काढून ठेवला आहे. एके काळी तिथे तळे होते. त्याचा विस्तार सर्वांत जास्त होता तेव्हा ते सुमारे ८० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद होते. काठाला ताडा-माडासारखी झाडे होती, पाण्यात मगरी आणि कासवे होती. आज शास्त्रज्ञ त्याला 'फॉसिल लेक', म्हणजे जीवाश्मांचे तळे, असे म्हणतात. शेजारी याहून मोठी आणखी दोन तळी होती. या तिन्ही तळ्यांच्या गाळाचा जो दगड झाला त्याला 'ग्रीन रिव्हर' खडक असे नाव आहे. पण माशांसाठी प्रसिद्धी मिळाली ती या धाकट्या तळ्याला.

एरवी तळ्यात मेलेल्या माशाचे काय होते ते आपण गावाकडे पाहिलेलेच असते. पोट फुगते, मासा वर तरंगतो, कावळे-घारी येतात. उरलेसुरले खाली बसते तर तिथे खेकडे, गोगलगायी, किडे टपलेलेच असतात. महिनाभरात काटे इकडे आणि डोके तिकडे. म्हणजे मासा टिकायचा तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, त्याला खाणारे, कुरतडणारे, उकरणारे कुणी तळाशी नसावे. दुसरी, त्याच्यावर काहीतरी बारीक पांघरूण हळूहळू पडत राहावे, इतके बारीक की खवल्याची रेघसुद्धा मोडू नये.

फॉसिल लेकच्या मधल्या खोल भागात या दोन्ही गोष्टी जमल्या. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता. वरच्या पाण्यात मासे मजेत पोहत होते, पण खाली कुणी जगू शकत नव्हते. त्यामुळे मेलेला मासा खाली आला की त्याला हात लावणारे कुणी नव्हते. आणि नद्या-झऱ्यांतून चुना विरघळून येत होता. तो तळ्याच्या पाण्यातून पिठासारखा निवळून खाली बसत होता. आपल्याकडे पाणी उकळायच्या भांड्यात पांढरा थर धरतो ना, तोच चुना. हे पीठ वर्षानुवर्षे, शतकानुशतके पडत राहिले. मास वगैरे गेले, हाडे राहिली. वरच्या थरांच्या वजनाने मासा दबून कागदासारखा चपटा झाला, आणि गाळाचा दगड झाला.

हा दगड आडवा न पाहता कापलेल्या बाजूने पाहिला तर त्यात केसासारखे बारीक पापुद्रे दिसतात. एक फिकट, एक गडद, पुन्हा एक फिकट, पुन्हा एक गडद. फिकट पापुद्रा चुन्याचा. गडद पापुद्र्यात शेवाळ आणि इतर जीवांचा कुजका अंश जास्त. आम्हा कारकून मंडळींना हे पाहिले की रोजकीर्द आठवते. जमा-खर्च लिहिणारा कुणी नाही, पण तळे आपले पान रोज भरत गेले. आणि मधे मधे एक वेगळीच नोंद आहे. दूर कुठे ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यावर येऊन अख्ख्या तळ्यावर एकाच वेळी पडली. त्या राखेचा पातळ थर आजही दगडात आहे. या राखेतल्या खनिजांवरूनच तिचे वय मोजता येते. माशाचे वय ५ कोटी २० लाख वर्षे, हे कुणी अंदाजपंचे सांगितलेले नाही. वरखालच्या राखेचे वय मोजून सांगितले आहे.

आता हिशेब म्हटला की तपासणी आलीच. १९२९ साली ब्रॅडली नावाच्या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने असे मांडले की फिकट आणि गडद मिळून एक जोडी म्हणजे एक वर्ष. मग पापुद्रे मोजा आणि वर्षे सांगा, किती सोपे! अनेक वर्षे हे असेच चालले. पुढे १९८८ साली बुखहाइम आणि बियाजी या दोघांनी एक साधी पण फार हुशारीची गोष्ट केली. त्यांनी राखेचे दोन थर निवडले. दोन्ही थर तळ्यात सगळीकडे एकाच वेळी पडलेले, म्हणजे त्यांच्यामधला काळ सगळीकडे सारखाच. मग त्या दोन थरांमधले पापुद्रे त्यांनी तळ्याच्या मध्यभागी मोजले आणि काठाकडेही मोजले. एक पापुद्रा म्हणजे एक ठरावीक मुदत असेल तर दोन्हीकडची बेरीज सारखी यायला हवी. ती आली नाही. मध्यभागी सुमारे ११६०, काठाकडे सुमारे १५७०. ताळा जुळला नाही! याचा अर्थ दर पापुद्रा वर्षाच्या ठरलेल्या हप्त्याने पडलेला नाही. काठाकडे नद्यांचे पाणी येते, पुराबरोबर जादा गाळ येतो, त्यामुळे तिकडे पापुद्रे जास्त. म्हणजे नुसते पापुद्रे मोजून वर्षे सांगणे चुकीचे. खुद्द राखेच्या वयाला यामुळे धक्का लागला नाही, पण साठ वर्षे चालत आलेल्या एका सोप्या हिशेबाला लागला. मला हा किस्सा माशांइतकाच आवडतो. कुणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून बेरीज मान्य करायची नाही, दुसऱ्या टोकाकडून मोजून पाहायची.

बरे, या रोजकिर्दीत नोंदी काय काय आहेत? सर्वांत जास्त नोंदी 'नाइटिया' नावाच्या छोट्या माशाच्या. बहुतेक वीतभरापेक्षाही लहान. आपल्या तारलीच्या जातकुळीतला, थव्याने राहणारा. १९८७ साली वायोमिंगने त्याला राज्याचा जीवाश्म म्हणून मान दिला. कधी कधी एकाच लादीवर शेकडो नाइटिया एकावर एक पडलेले सापडतात. एका दमात मेलेले. का मेले? पाणी एकाएकी थंड वा गरम झाले असेल, शेवाळ माजून पाण्यातला प्राणवायू संपला असेल, वादळाने तळाचे विषारी पाणी वर आले असेल. आपल्याकडेही उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतातच. प्रत्येक थराचे कारण एकच होते असे कुणी म्हणत नाही.

दुसरी नोंद हावरटपणाची. 'मायोप्लोसस' नावाचा शिकारी मासा. याचे कितीतरी जीवाश्म असे सापडले आहेत की त्याच्या तोंडात दुसरा मासा अडकलेला आहे. गिळता येईना, टाकता येईना, गुदमरून दोघेही मेले. तळाला गेले आणि तसेच्या तसे राहिले. शिवाय तिथे पाकट आहेत. हो, आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येते ती शेपटीला काटा असलेली पाकट, तिचे गोड्या पाण्यातले जुने नातलग. सगळा गोल पंखा आणि शेपटीचा काटा दगडात स्पष्ट. वटवाघळे आहेत, पक्षी आहेत, छोट्या कुत्र्याएवढा घोडाही आहे.

आणि एक नोंद तर अशी आहे की वाचून माणूस गप्प बसतो. याच ग्रीन रिव्हर खडकातली एक लादी जपानमधल्या फुकुई इथल्या डायनोसॉर संग्रहालयात आहे. तिच्यावर २५९ पिल्ले आहेत, एकेक इंचापेक्षा लहान. २०१९ साली मिझुमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पिल्लाची जागा आणि तोंडाची दिशा मोजली. २५९ पैकी २५७ पिल्लांची तोंडे एकाच दिशेला! शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून थोडे दूर, आणि एकटे पडू नये म्हणून थोडे जवळ, असे आजचे मासे पोहतात तसेच अंतर. त्यांचे म्हणणे, हा पोहता पोहता गाडला गेलेला थवा आहे. यावर शंका घेणारेही आहेत. अख्खा थवा रांग न मोडता एका क्षणात गाडला जाईल कसा, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. वाद चालू राहू द्या. पण एवढ्याशा पिल्लांच्या डोळ्यांचे ठिपके मोजून कुणीतरी त्यांची दिशा लिहून ठेवली, हे काम मोठेच.

आता ही वही उघडली कुणी, ते पाहू. शास्त्रज्ञांची नावे पुस्तकांत येतातच. १८५६ साली लायडी यांनी या भागातून आलेल्या एका माशाचे पहिले वर्णन छापले, पुढे कोप यांनी अनेकांची केली. पण दगड फोडले ते दुसऱ्यांनीच. १८६८ च्या सुमारास ग्रीन रिव्हर गावाजवळ युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी डोंगर कापत होते. कापलेल्या दगडात मासेच मासे. रेल्वेच्या कामावरच्या हिलियर्ड आणि रिकसेकर या दोघांनी ते उचलून ठेवले, सरकारी सर्वेक्षणावरच्या हेडन यांना दाखवले, आणि तिथून ते कोप यांच्या टेबलावर गेले. त्या जागेला पुढे 'दगडी माशांची खाच' असेच नाव पडले. ही दोन नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या वेळी कुणीतरी ती लिहून ठेवली. नाहीतर कापलेला दगड भरावात गेला असता आणि त्यावरून गाड्या धावल्या असत्या. बाकी किती लाद्या भरावात गेल्या असतील त्याची गणती कुणाकडे आहे?

केमररच्या बाजूला १८९७ पासून रॉबर्ट क्रेग नावाचा माणूस चाळीस वर्षे मासे खणत होता आणि विकत होता. त्याच्यानंतरच्या पिढीतला डेव्हिड हॅडनहॅम १९१८ ते १९६८, पन्नास वर्षे. टेकडीवर तो राहायचा ती दोन उतरत्या छपरांची लाकडी झोपडी आजही जपून ठेवली आहे. ही मंडळी कॉलेजात गेलेली नव्हती, पण कोणता थर कसा फुटतो हे त्यांच्या बोटांना माहीत होते. काही थर असे की लादी बरोबर माशाच्या अंगावरूनच उकलते, अर्धा मासा या बाजूला, अर्धा त्या बाजूला. पण सर्वांत उत्तम मासे ज्या थरात आहेत त्याला खाणीतले लोक 'अठरा इंची' म्हणतात, कारण तो जास्तीत जास्त अठरा इंच जाड. तिथे दगड माशावरून फुटत नाही, माशाच्या किंचित वरून फुटतो. म्हणजे लादी उचलली तर वर काहीच दिसत नाही. मासा आत झाकलेला.

मग ओळखायचे कसे? यावर त्यांनी काढलेली युक्ती ऐका. दुपारच्या उन्हात काही कळत नाही. सूर्य कलला की तिरप्या उजेडात दगडावर पाठीच्या कण्याचा अगदी बारीक उंचवटा दिसतो, चादरीखाली दोरी असावी तसा. म्हणून आजही उन्हाळ्यात कितीतरी खाणींत लादी फोडायचे काम रात्री चालते, जमिनीलगत दिवा ठेवून, प्रकाश आडवा पाडून. उंचवटा दिसला की खडूने खूण करायची, करवतीने तुकडा कापून घ्यायचा. पुढे खोलीत बसून सुईने आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक टोच्याने वरचा दगड कण कण करून काढायचा. मोठ्या माशाला तासन् तास नव्हे, आठवडे लागतात. घाई केली की खवले गेले. वाती वळणाऱ्या किंवा बिडीला दोरा बांधणाऱ्या बायांच्या बोटांना हे काम चांगले जमेल असे मला वाटते.

मालकी कुणाची, हा प्रश्न तिथेही सुटलेला आहे असे नाही. १९७२ साली सरकारने टेकडीचा थोडा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला. तिथून दगडाचा तुकडाही उचलता येत नाही. पण जुन्या तळ्याचा बहुतेक भाग बाहेर आहे. राज्याच्या जमिनीवर परवाना घेऊन खणणाऱ्यांनी नेहमीचे मासे विकावेत, दुर्मीळ काही निघाले तर राज्याकडे द्यावे, असा नियम आहे. खासगी जमिनीवर मात्र जमीनमालकाचे राज्य. कुणी म्हणतात, जीवाश्मांची विक्री हा गुन्हा मानला पाहिजे, ही सगळ्यांची ठेव आहे. कुणी म्हणतात, खाणवाले खणतात म्हणून तर दुर्मीळ गोष्टी निघतात, प्राध्यापक मंडळी वर्षाला किती दगड फोडणार? मला दोन्हींत तथ्य दिसते. २०२३ साली जगातल्या सर्वांत जुन्या वटवाघळांच्या सांगाड्यांपैकी एका नव्या जातीची माहिती छापून आली. तिचा एक सांगाडा २०१७ साली खासगी खाणीत निघाला आणि संग्राहकाने विकत घेतला होता. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने तो पैसे मोजून मिळवला तेव्हा कुठे अभ्यास झाला. संग्रहालयाकडे त्या वेळी पैसे नसते तर तो कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर लटकत राहिला असता. शिकागोच्या संग्रहालयातले लान्स ग्रँडे यांनी या तळ्यावर २०१३ साली मोठे पुस्तक लिहिले. त्यांनी तपासलेले कितीतरी नमुने खाणीत राबणाऱ्यांच्या हातूनच आलेले आहेत. मात्र कुठल्या थरातून, कुठल्या खाणीतून, हे लिहिलेले असेल तरच नमुन्याला किंमत. तेवढे नसेल तर तो नुसता दिवाणखान्यातला देखणा दगड.

दगडातल्या सांगाड्याकडे पाहून माणसे काय काय समजली याचा इतिहासही मजेशीर आहे. जर्मनीत स्वित्झर्लंडच्या हद्दीलगत ओनिंगेन नावाचे ठिकाण आहे. तिथेही जुन्या तळ्याच्या गाळाचा दगड आणि त्यात मासे. झुरिकचा शॉइखझर नावाचा डॉक्टर हे मासे गोळा करी. त्या काळी कित्येकांचा समज असा की दगडातला मासा हा मुळी मासा नव्हेच, तो निसर्गाने गंमत म्हणून काढलेला आकार. शॉइखझरने १७०८ साली एक पुस्तक लिहिले. त्यात दगडातले मासेच लॅटिन भाषेत तक्रार करतात, की बाबांनो, आम्ही खरेखुरे मासे आहोत! इथपर्यंत तो बरोबर. पण पुढे त्याचे म्हणणे असे, की माणसांच्या पापामुळे जो महापूर आला त्यात हे निष्पाप मासे मेले. मग त्याला त्या पापी माणसाचा पुरावा हवा होता. ओनिंगेनच्याच दगडात त्याला एक मोठा सांगाडा मिळाला, आणि १७२६ साली त्याने जाहीर केले, हाच तो महापुरात बुडालेला माणूस. लोकांनी बराच काळ ते मानले. १८११ साली फ्रान्सचा क्युव्हिए हॉलंडमध्ये गेला, संग्रहालयातला तो दगड समोर घेतला आणि सुईने कोरू लागला. खांद्याजवळच्या दगडाखालून पुढचे दोन आखूड पाय निघाले. माणूस नव्हे, बेडकाच्या दूरच्या नात्यातला सॅलमँडर नावाचा पाण्यातला मोठा प्राणी! मंत्र नाही, वादविवाद नाही, एक सुई आणि थोडा वेळ.

आता पुन्हा वायोमिंगच्या तळ्याकडे येऊ, कारण तिथल्या एका माशाचे आपल्या विदर्भाशी नाते आहे. त्याचे नाव गार. थंडगारमधला गार नव्हे, हे इंग्रजी नाव आहे. लांब चोचीसारखे तोंड, त्यात दातांच्या रांगा. अंगावर साधे खवले नाहीत, शंकरपाळ्याच्या आकाराचे, काचेसारखे चकचकीत आणि हाडासारखे कडक तुकडे एकमेकांना लागून बसवलेले. अमेरिकेतले मूळ रहिवासी त्या खवल्यांचा बाणाच्या टोकासाठी उपयोग करत, इतके ते पक्के. फॉसिल लेकमध्ये गार आहे. आज जगात जिवंत गार फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात सापडतो. भारतातल्या कुठल्याही नदीत, तळ्यात नाही.

आणि तरी चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावला गार सापडला आहे! जिवंत नव्हे, दगडातला. डोंगरगावच्या टेकडीत 'लमेटा' नावाचे जुने थर आहेत. तिथेही तळे होते, आणि काठाला डायनोसॉर फिरत होते. १९०८ साली लंडनच्या संग्रहालयातले आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी डोंगरगावच्या माशांचे वर्णन छापले आणि त्यातल्या गारला 'भारतीय' असे नाव दिले. हे मासे फॉसिल लेकपेक्षाही जुने, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचे. याच टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी लांब मानेच्या डायनोसॉरची हाडे काढली, आणि त्याला पुढे संस्थेच्या नावावरूनच 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. युरोप आणि आफ्रिकेतही गारचे जीवाश्म आहेत. म्हणजे हे कूळ एके काळी बरेच पसरलेले होते. बाकी सगळीकडे संपले, अमेरिकेत राहिले.

जाता जाता, हेच वुडवर्डसाहेब माशांचे एवढे मोठे जाणकार, पण १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाउनला माणसाची कवटी आणि वानराचा जबडा एकत्र करून कुणीतरी जी बनवाबनवी केली तिला ते फसले. ती उघडी पडली १९५३ साली, ते वारल्यावर.

डोंगरगावनंतर लगेच विदर्भावर ज्वालामुखीचा लाव्हा वाहिला, त्याचाच हा आपला काळा दगड. पण लाव्हा एकदम आला नाही. एक लोट यायचा, थंड व्हायचा, मधे बराच काळ जायचा. त्या काळात खळग्यांत पाणी साठून तळी व्हायची, शंख-गोगलगायी, मासे, झाडे वाढायची. मग पुढचा लोट येऊन तळे झाकून टाकायचा. म्हणून काळ्या दगडाच्या दोन जाड थरांमध्ये कधी कधी पांढरट-करडा पट्टा दिसतो. तो तळ्याचा गाळ. नागपूरजवळच्या टाकळीला असे जीवाश्म हिस्लॉप आणि हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी गोळा केले आणि १८५५ साली त्यावर लंडनला निबंध छापला. टाकळी आता शहराच्या पोटात गेली. १८६३ साली टाकळघाटकडून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. डोंगरगावच्या एका माशालाही वुडवर्डने त्यांचे नाव दिले आहे.

याहूनही जुने मासे गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गावच्या चुनखडकात आहेत. १५ कोटी वर्षांहून जुने, तेही तळ्यातलेच. पातळ फरशीसारखा निघणारा दगड, आणि फरशीवर जाड चकचकीत खवल्यांचा मासा. १८५१ साली लंडनमध्ये त्याचे पहिले वर्णन छापून आले आणि माशाला 'दख्खनचा' असे नाव पडले. केमररच्या मालाइतके प्रचंड प्रमाण इथे नाही, पण थर जागेवर आहेत.

म्हणजे वही आपल्याकडेही आहे. मात्र तिची पाने ज्यांच्या हातांखालून जातात ते हात आपल्याच माणसांचे आहेत. काळ्या दगडाच्या खदानीवर सुरुंग लागतो, गिट्टी निघते, रस्त्यावर जाते. नागपुरात तर गिट्टीखदान नावाची वस्तीच आहे. खदानीवर राबणाऱ्या, विहिरी खोदणाऱ्या, रस्त्याच्या कामावरच्या माणसाला मधला पांढरट पट्टा रोज दिसतो, आणि त्याचे दगड कंत्राटदाराच्या कामाचे नाहीत म्हणून बाजूला फेकले जातात. २०२२ साली केंद्र सरकारने भूवारशाच्या जागांसाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. कायद्याचे कायदेवाले पाहतील. सुरुंगाच्या आधी त्या पट्ट्याजवळ उभा असतो तो मजूर.

तेव्हा कुणाला दगडात शंख, पानाचा ठसा, शंकरपाळ्यासारखा चकचकीत खवला किंवा माशाचा काटा दिसला तर छिन्नीने उकरून काढायच्या भानगडीत पडू नका. सुरुंगाचा धोका नसेल तर तो जागीच असू द्या आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा. आता घरोघरी मोबाइल आहेत. दगड सुटा पडलेला असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, धुऊ नका, तेल-हळद तर मुळीच लावू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, तिथे कळवा. जवळच्या कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक असतील तर त्यांना दाखवा. आणि दगडाबरोबर एक चिठ्ठी जरूर ठेवा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून लिहून घेतली तरी चालेल. तिच्यावर गाव, तालुका, गट नंबर, तारीख, वरून किती फूट खोल, वर कोणता दगड आणि खाली कोणता, एवढे लिहा. शेवटी ज्याच्या किंवा जिच्या हाताला तो सापडला त्या माणसाचे पूर्ण नाव लिहा.